मागवाल्याच्या मुलाची मोटार

गेल्या दिवाळीनंतर आमच्या लिंबागणेशच्या घरात पंधरा दिवस एकच विषय चालला होता. पुतण्याला मोटार घ्यायची होती. नवी घेण्याची ऐपत नाही, म्हणून जुनी. थोरल्या भावाला महिन्यातून दोनदा बीडला डॉक्टरांकडे न्यावे लागते. दर वेळी कुणाची तरी जीप सांगायची, ती वेळेवर येते की नाही याची धास्ती बाळगायची, आणि रात्री-अपरात्री काही झाले तर गावभर फोन फिरवत बसायचे. कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे हातात होते. हे पैसे वर्षातून एकदाच येतात. गाडी चुकली की पुढच्या सुगीपर्यंत हात चोळत बसायचे.

तीन गाड्या नजरेत होत्या. एक मारुती सुझुकीची स्विफ्ट, एक होंडा सिटी आणि एक टोयोटाची इनोव्हा. तिन्ही जपानी कुळीच्या. ओट्यावर टेकणाऱ्या प्रत्येकाचे मत ठाम होते. मारुतीचे सामान तालुक्याच्या गावीही मिळते, असे एकाचे म्हणणे. होंडाच्या इंजिनाला तोड नाही, असे दुसऱ्याचे. तिसरा इनोव्हाचा भक्त. त्याने ती गाडी चार लाख किलोमीटर पळालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पंढरपूरच्या वारीत शोभावा असा गजर रोज संध्याकाळी चाले, आणि निर्णय काही होत नसे.

मला गंमत वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या तीन घराण्यांवरून आमच्या ओट्यावर एवढे रण माजले होते, ती मूळची शेजारी. जपानच्या मध्यावर, समुद्राकाठी हामामात्सु नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासचा, बीड जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा टापू. मिचिओ सुझुकीने १९०९ साली तिथे मागाचा कारखाना काढला. सोइचिरो होंडा तिथल्याच एका लोहाराचा मुलगा. आणि तोयोदा घराणे त्याच टापूतल्या कोसाईचे. आपल्यासारखाच कापूस आणि हातमाग यांवर जगणारा तो मुलूख. त्या तिघांपैकी ज्याच्या आयुष्याने मला जुन्या गाडीबद्दल काही शिकवले, तो म्हणजे किइचिरो तोयोदा. टोयोटा मोटारीचा जनक. त्याला जाऊन सत्तरहून अधिक वर्षे झाली.

किइचिरोची गोष्ट त्याच्या बापापासून सुरू करावी लागते. साकिची तोयोदा हा १८६७ साली सुताराच्या घरी जन्मला. गावात घरोघर बायका हातमागावर राबत, त्याची आईही. ते कष्ट पाहून माग सुधारण्याचे वेड या पोराच्या डोक्यात शिरले ते कायमचे. १८९१ साली त्याला लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. पुढे यंत्रावर चालणारे माग आले. या नादात घराकडे लक्ष कुठले? ११ जून १८९४ रोजी मुलगा झाला, तेव्हाही बाप मागाच्याच मागे होता. थोड्याच दिवसांत किइचिरोची आई घर सोडून गेली. पोर आजी-आजोबांनी सांभाळले, नंतर सावत्र आईने वाढवले. मोठा झाल्यावर तो अबोल आणि भिडस्त होता असे सांगतात. त्यात नवल नाही.

साकिचीचा सर्वांत नावाजलेला माग १९२४ सालचा. तोवर किइचिरो तोक्योच्या विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकी शिकून आला होता, आणि त्या मागात त्याचाही हात होता. माग न थांबवता धोटा आपोआप बदलला जाई, ही त्याची एक करामत. दुसरी माझ्या मते त्याहून मोठी. ताण्याचा एक धागा जरी तुटला, तरी तो माग आपण होऊन थांबे. साध्या मागावर धागा तुटला तरी यंत्र चालतच राहते आणि हात-दोन हात कापड वाया गेल्यावर लक्षात येते. म्हणून प्रत्येक मागापुढे डोळे लावून बसलेला माणूस लागे. आता एक कामगार पंचवीस-तीस माग सांभाळू लागला. कापड यंत्रांचे माहेरघर असलेल्या इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ साली या मागाचे हक्क घेतले. ठरलेली रक्कम होती १ लाख पौंड. ज्यांच्याकडून शिकायचे, त्यांनीच विकत घ्यावे असे यंत्र!

या कराराच्या निमित्ताने किइचिरो अमेरिका आणि इंग्लंड फिरला, आणि त्याचे मन मागातून उठून मोटारीत गेले. तेव्हा जपानच्या रस्त्यांवर अमेरिकेची सत्ता होती. १९२३ च्या भूकंपात तोक्योच्या ट्रॅमगाड्या निकामी झाल्या, तेव्हा शहराने फोर्डच्या सांगाड्यांवर बसगाड्या बांधून घेतल्या. मग फोर्डने योकोहामात आणि जनरल मोटर्सने ओसाकात आपले कारखानेच थाटले. त्यांच्यापुढे मागवाल्याच्या मुलाने मोटार काढायची म्हणजे घरच्यांना धाडस नव्हे, वेडच वाटले असणार. १९३० साली साकिची गेला. किइचिरोने कारखान्याच्या एका कोपऱ्यात छोटे इंजिन उघडून बसायला सुरुवात केली. १९३३ साली मोटार विभाग निघाला. एक नवी शेव्हरोले गाडी विकत आणली, पार सुटी केली, प्रत्येक भागाचे चित्र काढले. इंजिनाचा ठोकळा ओतताना ओतकाम फसे, पुन्हा वितळवून पुन्हा ओतायचे. मागाचे ओतकाम करणारे हात होते ते. मोटारीचे ओतकाम त्यांना परके होते.

आता आमच्या ओट्यावरच्या इनोव्हाभक्ताने ऐकावे असे प्रकरण येते. टोयोटाचा पहिला ट्रक, नाव जी-वन, नोव्हेंबर १९३५ मध्ये तोक्योत लोकांपुढे ठेवायचा होता. ट्रक कारखान्यातून रस्त्याने निघाले आणि त्यांतला एक वाटेतच बिघडला. स्टिअरिंगचा एक दांडा मोडला. कसाबसा दुरुस्त करून तो प्रदर्शनाला नेला. विक्री सुरू झाली आणि तक्रारींची रीघ लागली. आज हा भाग मोडला, उद्या तो. ज्या नावाने आज जुनी गाडीही भाव खाते, त्या नावाची पहिली गाडी रस्त्यावर ढकलावी लागणारी होती.

पुढे जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. ट्रक आधी कारखान्याच्या जवळपासच विकले गेले, कारण बिघडला की माणूस लगेच पोचला पाहिजे. रात्र असो, पाऊस असो, कारखान्याची माणसे जाऊन गाडी दुरुस्त करत. मोडलेला भाग परत येई, तो का मोडला हे शोधले जाई, आणि पुढच्या ट्रकात तो बदलला जाई. किइचिरोची स्वतःची वृत्तीही तीच. एकदा एक कामगार यंत्र चालत नाही म्हणून डोके खाजवत उभा होता. मालकाने बाह्या सारल्या, तेलाच्या टाकीत हात घातला आणि मूठभर गाळ काढून जमिनीवर टाकला. विद्यापीठात शिकलेला, लाखोंच्या कारखान्याचा धनी. हात काळे करायला लाजत नव्हता.

१९३६ साली नाव बदलले. तोयोदाचे टोयोटा झाले. जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात, आणि आठ हा तिथे शुभ आकडा. आपल्याकडे गाडीच्या नंबरची बेरीज करून पाहतात, तसेच म्हणा. १९३७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र कंपनी उभी राहिली, पुढच्या वर्षी कोरोमो या गावी मोठा कारखाना. लागेल तेवढाच माल, लागेल त्या वेळी हजर, ही त्याची पद्धत तिथे रुजू लागली. मग युद्ध आले. मोटारी राहिल्या बाजूला आणि सैन्यासाठी ट्रक निघाले. त्याच वर्षांत शेजारचा होंडा इंजिनाच्या पिस्टन रिंगा बनवू लागला होता. त्याने टोयोटाकडे ५० रिंगा तपासणीला पाठवल्या, त्यांतल्या ३ पास झाल्या. तो चिडून बसला नाही, धातुशास्त्र शिकायला शाळेत जाऊन बसला. पुढे त्याच्या रिंगा टोयोटाला लागू लागल्या. आमच्या ओट्यावरची भांडणे त्या दोघांना ऐकवली असती तर हसले असते.

किइचिरोच्या आयुष्यातला कसोटीचा काळ युद्धानंतरचा. १९४९ साली जपानमध्ये पैशाची भयंकर टंचाई झाली. गाड्या विकल्या तरी पैसे वसूल होईनात, पगार थकू लागले. माणसे कमी करणार नाही, असा शब्द त्याने कामगारांना दिला होता. बँकांनी कर्ज दिले, पण ते माणसे कमी करण्याच्या बोलीवर. १९५० च्या एप्रिलपासून संप सुरू झाला. अखेर सुमारे २,००० माणसांना घरी जावे लागले. शब्द मोडला गेला. जूनमध्ये किइचिरोने स्वतःचाच राजीनामा दिला. माणसे गेली तर मालकानेही राहू नये, एवढा सरळ हिशेब. असे करणारा मालक मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

नशीब कसे असते पाहा. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटले. अमेरिकी सैन्याला ट्रक हवे होते, आणि टोयोटाकडे मागण्या येऊ लागल्या. दोन-तीन आठवड्यांचे अंतर! कंपनी तगली, पण तिचा जनक बाहेर होता. नव्या अध्यक्षांनी त्याला परत बोलावले, १९५२ च्या सुरुवातीला त्याने होकारही दिला. प्रकृती खचलेली होती, रक्तदाबाचा त्रास जुना. २७ मार्च १९५२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला. वय ५७. संपूर्ण जपानी बनावटीची क्राउन मोटार १९५५ साली आली, ती त्याला पाहायला मिळाली नाही.

तोयोदांचे माग भारतात आले ते १९९५ साली, किर्लोस्करांच्या भागीदारीत. मोटार दोन वर्षांनी. नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचीहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी टोयोटा बिडदीला आणली, आणि २००० साली आलेली क्वालिस आपल्या लग्नांच्या वऱ्हाडांनी आणि देवदर्शनांनी अक्षरशः झिजवली. आज तर टोयोटाची ग्लँझा म्हणजे सुझुकीची बलेनोच, नाव तेवढे वेगळे. एवढे ऐकवल्यावर ओट्यावर जरा शांतता झाली.

पुतण्याने विचारले, तात्या, मग घ्यायची कुठली? मी म्हणालो, नाव सोड, तीन गोष्टी पाहा. या गाडीला कोण हात घालणार आहे? बीडला तिचे काम जाणणारा मेस्त्री आहे का, सामान मिळते का? मित्सुबिशीची लॅन्सर काय वाईट होती, पण ती कंपनी मोटारी विकायची थांबली, आता भाग कुठे शोधणार? दुसरे, गाडी पहाटे पाहायची, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा पहिला खोकला ऐकू येत नाही. तिसरे, मांजरसुंब्याच्या घाटात चढवून पाहायची आणि उतारावर ब्रेक. बाकी कागद: इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडायचा, बँकेचा बोजा उतरलेला आहे की नाही, विमा चालू आहे की नाही, आणि पहिल्या नोंदणीला १५ वर्षे भरायला किती राहिली. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या पावत्यांवरच्या आकड्यांशी जुळला तरच खरा मानायचा.

तिन्ही गाड्या पाहिल्या. एकीच्या दोन मालकांमधले तीन वर्षांचे कागदच नव्हते. दुसरीचा एक दरवाजा नवा रंगवलेला, आणि विकणारा प्रत्येक प्रश्नाला गाडी एकदम ओके असेच उत्तर देत होता. तिसरा एक निवृत्त गुरुजी. आम्ही बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी सांगितले की रेडिएटरचा पाइप जुना झालाय, बदलून घ्या, आणि डावीकडचा शॉकअप आवाज करतो. सात वर्षांच्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत लावून ठेवलेल्या. भाव तीनही गाड्यांत तोच जास्त होता. पुतण्या माझ्याकडे बघू लागला. मी त्या पिशवीकडे बघत होतो.

ती गाडी कोणत्या कंपनीची, हे मुद्दाम लिहीत नाही, ओट्यावरचे रण पुन्हा पेटेल. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, नाव लावायला कागद बीडच्या आरटीओत गेले. घरी आणल्यावर पहिला नारळ भालचंद्राच्या देवळापुढे फोडला. दुसऱ्या दिवशी पुतण्या गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेला आणि गुरुजींनी सांगितलेला पाइप बदलून आला. शनिवारी थोरल्याला डॉक्टरांकडे न्यायचे होते.