ॲरिस्टॉटल आणि यंत्राची कविता

इ. स. पूर्व ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधील स्टॅगिरा या गावी ॲरिस्टॉटलचा जन्म झाला. वडील निकोमॅकस हे मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. कोणता अवयव कशासाठी, हा वैद्याचा प्रश्न. पुत्राने पुढे तोच काव्याला विचारला.

सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला आणि वीस वर्षे तेथे राहिला. आदर्श राज्यात कवींना थारा नको, असे म्हणणारा हा गुरू! ३४७ मध्ये प्लेटो निवर्तल्यावर शिष्य ॲसॉसला व पुढे लेस्बॉस बेटावर गेला. तेथे त्याने समुद्रातील जीवांचे बारकाईने निरीक्षण केले. ३४३ मध्ये तो राजपुत्र अलेक्झांडरचा शिक्षक झाला. ३३५ मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसियम हे विद्यापीठ स्थापिले.

त्याचे 'काव्यशास्त्र' म्हणजे बहुधा तेथील व्याख्यानांची टिपणे. केवळ वृत्तात लिहिल्याने कोणी कवी ठरत नाही, हे त्याने ठामपणे मांडले. काव्य ही मानवी कृतीची अनुकृती. तिच्यातील घटना एकीमागून दुसरी नव्हे, तर एकीमुळे दुसरी घडली पाहिजे. जो भाग काढला तरी काही बिघडत नाही, तो त्या कृतीचा अवयवच नव्हे.

३२३ मध्ये अलेक्झांडर वारला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरोधी लाट उसळली. ॲरिस्टॉटलवर पाखंडाचा आरोप आला. त्याने आजोळचे कॅल्किस गाव गाठले व पुढच्याच वर्षी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला.

विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये हा ग्रंथ मराठीत आणला. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, जर्मनीत स्टुटगार्ट येथे थिओ लुट्झ याने काफ्काच्या 'द कॅसल' या कादंबरीतील शब्द संगणकात भरले आणि यदृच्छेने जुळलेली वाक्ये छापून काढली. आज तर पडद्यावर हलणाऱ्या, वाचकाच्या बोटाने बदलणाऱ्या कविताही आहेत. त्यांना काव्य म्हणावे काय?

वृत्त नाही एवढ्यावरून ॲरिस्टॉटलने त्या नाकारल्या नसत्या. केवळ शब्दांनी साधणाऱ्या एका कलेला अद्याप नावच नाही, अशी नोंद त्यानेच केली आहे. मात्र यदृच्छेविषयी त्याने एक मार्मिक उदाहरण दिले आहे. आर्गॉस येथे मिटिसचा पुतळा नेमका मिटिसच्याच मारेकऱ्यावर कोसळला व तो ठार झाला. असा योगायोग आपल्याला थक्क करतो, कारण त्यात हेतू असल्याचा भास होतो. यंत्राच्या ओळी वाचताना हाच भास आपण अनुभवतो. हेतू आपण पुरवतो.

तेव्हा अशी कविता समोर आली, तर यंत्राला भुलू नये की बिचकूही नये. तिच्यातील एक ओळ काढून पाहावी. काहीच ढासळले नाही, तर तो नुसता पुतळा पडला. सारेच ढासळले, तर तिला काव्य म्हणण्यास त्या वैद्यपुत्राची हरकत नसावी.