इंटरफेरॉनचे शोधक ॲलिक आयझॅक्स

इन्फ्लुएंझाचा विषाणू पेशीत शिरतो, तिचीच यंत्रणा राबवून आपल्या प्रती घडवतो आणि अखेर तिचा अंत ओढवतो. मात्र मरणापूर्वी ती पेशी शेजारच्या पेशींना सावध करते. या इशाऱ्याचा शोध लावणाऱ्यांत ॲलिक आयझॅक्स अग्रणी होते.

त्यांचा जन्म १९२१ साली ग्लासगो येथे झाला. वैद्यकीय शिक्षणही तेथेच झाले. एका विषाणूने ग्रासलेल्या पेशीत दुसरा का वाढत नाही, या कोड्यावर त्यांनी मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे काम सुरू केले. १९५७ साली लंडनमध्ये जाँ लिंडेनमान यांच्यासह त्यांना उत्तर सापडले. उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझा विषाणू त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाच्या तुकड्यांत मिसळला. त्यातून निघालेला द्रव ताज्या पटलाला दिला असता तेथे जिवंत विषाणूची वाढ रोखली गेली. द्रवातील त्या घटकाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले.

अनेकांनी शंका घेतली, थट्टाही केली. शुद्ध इंटरफेरॉन हाती येत नव्हते. नैराश्याने ग्रासूनही आयझॅक्स यांनी संशोधन सोडले नाही. २६ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इंटरफेरॉनने सावध झालेली पेशी विषाणू शिरताच प्रथिननिर्मिती थांबवते, प्रसंगी स्वतःचा अंत करून त्याची वाट अडवते, हे पुढे उलगडले. हिपॅटायटिस व काही कर्करोगांवर इंटरफेरॉन औषध म्हणून वापरले गेले. ते पाहणे मात्र आयझॅक्स यांच्या नशिबी नव्हते.