संत योहाना फ्रांसिस्का द शांताल यांची क्षमाशीलता

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां आम्हीं मुद्दाम एका संसारी साध्वीचें चरित्र निवडलें. ज्युबिली म्हणजे सुटकेचें वर्ष. पन्नासाव्या वर्षीं दासांना मोकळें करावें व जमीन मूळ धन्याच्या कुळास परत द्यावी, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. हातची जमीन सोडणें कठीण खरें. पण कोणी आपलें काळीज दुखविलें असतां त्याच्याकडील तें येणें सोडून देणें त्याहूनहि कठीण. संत योहाना फ्रांसिस्का यांना तें किती जड गेलें, व तरीहि त्यांनीं तें कसें केलें, हें वाचकांनीं शांत चित्तानें पाहावें.

फ्रान्स देशांतील दिजों या शहरीं सन १५७२ त बाईंचा जन्म झाला. वडील बेनीन फ्रेमियो हे बर्गंडी प्रांताच्या वरिष्ठ न्यायसभेंत मोठ्या अधिकारावर होते. योहाना दीड वर्षाच्या असतांनाच आई वारली. वडिलांनींच त्यांना धर्माचें वळण लावून वाढविलें. सन १५९२ त, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यांचा विवाह शांतालचे बॅरन क्रिस्तोफ यांच्याशीं झाला. बूर्बिलीच्या गढींत त्या नांदूं लागल्या. घर कर्जांत बुडालेलें होतें. बाईंनीं हिशेब आपल्या हातीं घेतला, घरांत रोज मिस्सा सुरू करविली, आणि दारीं येणाऱ्या गोरगरिबांस कधीं विन्मुख धाडलें नाहीं. पतिपत्नींचें एकमेकांवर अत्यंत प्रेम होतें. पहिलीं दोन अपत्यें दगावलीं. पुढें एक मुलगा व तीन मुली झाल्या.

सन १६०१ त या सुखावर घाला पडला. धाकटी मुलगी नुकतीच जन्मली होती, बाई अजून बाळंतपणांतून उठल्याहि नव्हत्या, तोंच शिकारीस गेलेल्या पतीस चुकून गोळी लागली. बंदूक ज्यांच्या हातून सुटली ते सरदार द आन्लेझी हे घरोब्यांतले आप्तच होते. बॅरन नऊ दिवस वेदना सोशीत पडून राहिले. त्यांनीं त्या आप्तास मनापासून क्षमा केली, आणि त्याचा कोणी सूड घेऊं नये असें घरच्यांस निक्षून बजाविलें. पत्नी मात्र देवाशीं झगडत होत्या; सर्वस्व न्यावें, पण पति तेवढा राखावा अशी त्यांची विनवणी होती. ती मान्य झाली नाहीं. तिशी गांठण्यापूर्वींच त्या विधवा झाल्या.

मरणाऱ्यानें नऊ दिवसांत जें केलें तें मागें राहिलेल्या पत्नीस कित्येक वर्षें साधलें नाहीं. त्या माणसाचें नांव ऐकतांच त्यांचें मन ढवळून निघे. त्यांतच सासऱ्यांनीं धमकी दिली कीं, आपल्या घरीं येऊन न राहिल्यास नातवंडांस वारसा मिळणार नाहीं. लेंकरांकडे पाहून बाई मोंतलोंच्या गढींत राहावयास गेल्या. तेथें एका उर्मट चाकरीणीच्या हातीं सर्व कारभार होता, आणि सुनेला तिच्याकडून पावलोपावलीं अपमान सोसावा लागे. सुमारें सात वर्षें बाईंनीं हा जाच सोशिला. इतकेंच नव्हे, तर त्या चाकरीणीच्या मुलांना त्या स्वतः न्हाऊं घालीत, त्यांचे केंस विंचरीत, व आपल्या मुलांबरोबर त्यांनाहि शिकवीत.

सन १६०४ च्या उपवासकाळांत जिनीव्हाचे बिशप संत फ्रांसिस द साल्स हे दिजों येथें प्रवचनें करण्यास आले, आणि बाईंना आत्म्याचा मार्गदर्शक लाभला. त्या माणसास भेटावें कीं काय, असा प्रश्न त्यांनीं बिशपांपुढें ठेविला. बिशपांनीं मोठा शहाणपणाचा सल्ला दिला. मुद्दाम त्याचा शोध करीत जाण्याची गरज नाहीं. परंतु तो आलाच, तर त्याच्याशीं सौम्यपणें व दयेनें वागावें. त्याला पाहून रक्त उसळेल, जुनी जखम वाहूं लागेल. त्यानें घाबरून जाऊं नये.

पुढें ती भेट झाली. बाईंनीं मन आवरून त्याचें आदरानें स्वागत केलें. आणि कालांतरानें, ज्याच्या हातून त्यांचें कुंकू पुसलें गेलें, त्याच्याच लेंकराच्या बाप्तिस्म्यास त्या धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या!

सन १६१० त संत फ्रांसिस यांच्या साहाय्यानें त्यांनीं आन्सी येथें मरियेच्या भेटीच्या नांवानें धर्मभगिनींचा संघ स्थापिला. प्रकृतीनें अशक्त किंवा वयानें पोक्त स्त्रियांनाहि त्यांत जागा होती. सन १६४१ त मूलें येथें त्यांनीं देह ठेविला, तेव्हां संघाचे ८० हून अधिक मठ झाले होते. सन १७६७ त पोप तेरावे क्लेमेंट यांनीं त्यांस संतपद दिलें. १२ आगस्ट हा त्यांचा स्मरणदिन होय.

या चरित्रांतून आम्हीं कोणता बोध घ्यावा? आमच्यांत असे पुष्कळ आहेत, जे बांधावरून, वाटणीवरून किंवा एखाद्या लागट शब्दावरून सख्ख्या भावाशीं बोलत नाहींत. एकाच देवळांत, एकाच मिस्सेला दोघे गुडघे टेकतात, आणि बाहेर पडतांच एकमेकांकडे पाठ फिरवितात. कांहींजण क्षमा करूं इच्छितातहि. पण मन अजून जळत आहे, तेव्हां आपली क्षमा खोटी आहे असें समजून पापनिवेदनाला व कम्युनियनला जाण्याचें टाळतात. त्यांना ही साध्वी धीर देते. क्षमा ही मनाची लहर नव्हे, तर इच्छेचा निश्चय आहे. तो निश्चय आधीं हातांनीं पाळावा लागतो. कोणाच्या मुलाचे केंस विंचरून, कोणाच्या लेंकराला बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं धरून. काळीज मागाहून, आपल्या सवडीनें येतें. तें मागें राहिलें म्हणून देव रागावत नाहीं. पाऊल पुढें पडलें कीं नाहीं एवढेंच तो पाहतो.

या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरांतून असें एक तरी पाऊल पडो. निदान शेजारच्या दारापर्यंत जाऊन, सणाचें ताट देऊन येण्याइतकें बळ प्रभु येशू आपणां सर्वांस देवो. आमेन.