केडगावच्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याने ऐकले नाही असे घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच असेल. शब्बाथशाळेतील लहान मुलेही केडगाव आणि मुक्ती मिशन ही नावे चटकन सांगतात. परंतु बाईंनी अनाथांना अन्न आणि आसरा दिला, एवढे सांगून आपण पुष्कळदा थांबतो. दुष्काळात अन्न देणारे दुसरेही होते. भुकेल्याला भाकर दिली तरी त्याच्या हाती विद्या व धंदा दिल्यावाचून आपले काम पुरे झाले, असे बाईंनी कधी मानले नाही. याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी रूढी असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या दिली, आणि लक्ष्मीबाईंनी ती लेकीला दिली. दिवसभर कामाचा रगाडा असे, म्हणून ही माउली पहाटे मुलीला उठवून पाठ घेई. हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करी, देवळांत पुराण सांगे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करी.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, तेथे पुराणिकाला कोण देणार? भीक मागणे अब्रूला शोभेना, आणि पोटापुरते मिळवावे असा एकही धंदा घरात कोणाला येत नव्हता. शास्त्रे मुखोद्गत होती, पण चूल पेटेना. झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघे उरले. ते देशभर पायी हिंडले. पांघरूण नसल्यामुळे झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. विद्या असूनही माणूस उपाशी मरतो, हा धडा त्यांनी असा अंगावर सोसून शिकला.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. चोवीस वर्षांची ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

१८८३ साली बाई इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदी विधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि दहा वर्षांपुरती मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी ठीक चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला.

शारदा सदन पुण्यास आल्यावर, १८९३ मध्येच, मोठे वादळ उठले. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही असे वचन बाईंनी दिले होते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. हा वचनभंग आहे असे पालकांना वाटले. आलेल्या मुलीला हाकलून लावणे बाईंना पटेना. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, तशी बाईंची तळमळही खोटी नव्हती. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी शाळा चालू ठेवली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या आपल्या शेतावर झोपड्या उभारल्या. हेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

तेथे नुसते अन्नछत्र नव्हते. प्रत्येकीने वाचायला शिकायचे आणि हातानेही काही करायचे, असा शिरस्ता होता. शिवण, विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा आणि छापखाना, ही सर्व कामे बायका करीत. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी हाती घेतले. आईचे हेच काम पुढे नेत त्यांनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा चालविली.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे भाषांतर. शेतात राबणाऱ्या बाईलाही कळावे, अशा सोप्या मराठीत ते व्हावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही आईने काम खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याचे खिळे जुळविणारे आणि पाने छापणारे हात मुक्तीतील स्त्रियांचेच होते. यांतल्या कित्येकींना सदनात येण्यापूर्वी अक्षराची ओळखही नव्हती. आपल्या मंडळीतील गरिबाच्या मुलाला आपण वह्या देतो, नाताळात कपडे देतो, तेही चांगलेच. परंतु पुढच्या वर्षी तेच मूल दुसऱ्याला काही शिकवू शकेल काय, हा प्रश्न शब्बाथशाळेच्या शिक्षकाने स्वतःला विचारावा. केडगावच्या या आईने आपल्या प्रत्येक मुलीविषयी हाच विचार केला होता.