पेज आणून देणारी बाई



संत जोसेफ वाझ यांचे नाव घेतले की आपल्याला त्यांचा कँडीतला तुरुंगवास आठवतो, पावसाचा चमत्कार आठवतो. आम्हांला मात्र त्यांच्या चरित्रातली एक बाई आठवते. तिचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही.

फादर वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावलीला, आजोळी झाला. घर सांकवाळचे. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळी श्रीलंकेच्या किनारपट्टीवर डचांचा अंमल होता आणि तेथे कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी होती. म्हणून १६८७ साली ते हमालाच्या वेशात, अनवाणी तेथे उतरले. सोबत जॉन नावाचा सेवक होता. प्रवासात अन्नपाण्याचे हाल झालेले. जाफन्याला पोहोचताच फादर हगवणीने अंथरुणाला खिळले. आजार पसरेल या भीतीने लोकांनी दोघांना वस्तीबाहेर नेऊन ठेवले. तेथे एक बाई त्यांना पेज आणून देत असे. तिच्या लेखी ते दोन परके भिकारीच असणार! त्या पेजेवर ते जगले.

पुढे १६९२ साली ते कँडीला गेले. पोर्तुगीजांचे हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकले. पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, त्याच कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच घरच्या रोग्यांना रानात सोडून पळू लागले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रोग्यांना आसरा दिला, जखमा धुतल्या, जेवण भरवले, मेलेल्यांना मूठमाती दिली. कोण कुठल्या धर्माचा, हे विचारले नाही. वस्तीबाहेर टाकलेल्या माणसाला काय हवे असते, हे फादरांना जाफन्यापासून ठाऊक होते. सेमिनरीत आम्ही परोपकाराच्या व्याख्येवर बरेच तास घालवले, पण ही बाई त्या पुस्तकांत नव्हती.

राजा विमलधर्मसूर्य याने फादरांच्या सेवेची कदर केली आणि त्यांना कामाची मोकळीक दिली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्या बाईचे आभार कुणी मानले असतील का, कोण जाणे.

हे सारे आज लिहायचे कारण वेगळेच आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही मिठबावातल्या एका घरी आजारी आजोबांना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो होतो. सून खाटेशी बसून त्यांना उकड्या तांदळाची पेज भरवत होती. आजोबांनी, पावसात एवढ्या लांब आलात म्हणून, आमचे तीनदा आभार मानले. सुनेला मात्र, पेजेत मीठ कमी आहे, एवढेच बोलले. ती निमूटपणे उठून मीठ घेऊन आली. आम्हीही प्रार्थना केली, छत्री उचलली आणि तिच्याशी एक शब्दही न बोलता निघालो. आम्ही वर्षातून दोनदा जाणार, ती दिवसातून तीनदा भरवणार.

येत्या बुधवारी आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. आजोबांच्या खाटेकडे वळण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी जरा थांबू म्हणतो.