रणांगणावरून परतलेला हेमिंग्वे

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी अर्नेस्ट हेमिंग्वेची 'सोल्जर्स होम' ही कथा वाचली आणि मला माझे आजोबा आठवले. आजोबा १९७१ च्या युद्धातून परतलेले. आम्ही नातवंडे लढाईची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरीत असू. ते पानाचा डबा उघडून बसत; गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. आम्हाला राग येई.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क गावी झाला. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालविण्यासाठी इटलीत गेला. ८ जुलै १९१८ रोजी पियावे नदीकाठी, सैनिकांना चॉकलेट-सिगारेटी वाटत असताना, गोळा फुटून त्याचे पाय जबर जखमी झाले. तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मिलानच्या इस्पितळात उपचार घेऊन जानेवारी १९१९ मध्ये तो घरी परतला. गावाला पराक्रम ऐकायचा होता. त्यानेही तो तिखटमीठ लावून सांगितला.

त्याची किंमत त्याने १९२५ च्या 'इन अवर टाइम' या संग्रहात मांडली. कथेतला क्रेब्झ लोकांनी ऐकावे म्हणून खोटे बोलतो आणि मग खऱ्या आठवणींचाही त्याला वीट येतो. 'बिग टू-हार्टेड रिव्हर'मधला निक तर नुसता गळ टाकून मासे धरतो. युद्धाचे नावही निघत नाही.

१९५४ साली हेमिंग्वेला नोबेल पारितोषिक मिळाले. २ जुलै १९६१ रोजी त्याने स्वतःच आपले जीवन संपविले.

आजोबाही आता नाहीत. ते गप्प राहिले, पण आमच्या हट्टापायी खोटे बोलले नाहीत, हे कळायला मला ही कथा वाचावी लागली.