शिक्षकांसाठी शाळा उघडणारा वकील : होरेस मॅन

आम्ही हायस्कुलात असताना दरवर्षी काही दिवस आमच्या वर्गावर बी.एड.चे छात्राध्यापक येत. हातात गुंडाळफळा, रंगीत तक्ते आणि पाठ टाचणाची वही. मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक येऊन बसत आणि काहीतरी लिहून घेत. एकदा एका छात्राध्यापिकेचा तक्ता खिळ्यावरून तीन वेळा खाली पडला. तिसऱ्या वेळी तिला पुढचे वाक्य आठवेना आणि आम्ही सगळी मुले मनसोक्त हसलो. आमच्यासाठी ती करमणूक होती; तिच्यासाठी तो परीक्षेचा तास होता हे तेव्हा कळत नव्हते.

शिकवायचे असेल तर आधी शिकवण्याचे शिक्षण घ्यावे, जाणत्याच्या नजरेखाली खऱ्या मुलांपुढे पाठ घ्यावेत आणि मगच प्रमाणपत्र मिळवावे, ही रीत आज आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. पण ती आपोआप आलेली नाही. कोणीतरी ती मागितली, तिच्यासाठी पैसा उभा केला, विरोध सोसला. अमेरिकेत हे काम ज्यांनी तडीस नेले, त्या होरेस मॅन यांचे चरित्र आपल्यापैकी पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

होरेस मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रँकलिन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची. शेतीची कामे उरकून शाळेला मिळत ते वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा आठवडे. शाळेच्या पुस्तकांसाठी लहानग्या होरेसने टोप्यांना लागणाऱ्या गवताच्या वेण्या विणून पैसे मिळवले. ज्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव गावाला दिले होते, त्यांनी गावाला पुस्तकांचा एक संग्रह भेट दिला होता. शाळेत जे मिळाले नाही ते या मुलाने त्या पुस्तकांतून मिळवले. आपले मास्तर स्वभावाने चांगले होते, पण शिकवणे त्यांना ठाऊक नव्हते, ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. तेराव्या वर्षी वडील वारले. तरीही नेटाने अभ्यास करून ते ब्राऊन विद्यापीठात पोहोचले आणि १८१९ मध्ये वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले. पुढे लिचफिल्ड येथे कायद्याचा अभ्यास करून ते वकील झाले. १८२७ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. वूस्टर येथे मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

सारे सुरळीत चालले असताना एकामागून एक आघात झाले. १८३० मध्ये त्यांचा विवाह शार्लट मेसर यांच्याशी झाला होता. अवघ्या दोन वर्षांत, १ ऑगस्ट १८३२ रोजी, त्या वारल्या. त्यातच भावाचा व्यवसाय बुडाला आणि त्याचे कर्ज होरेस यांच्या अंगावर आले. बोस्टनमध्ये ते काही काळ आपल्या कचेरीतच राहत आणि एखादे वेळचे जेवण टाळून कर्ज फेडत. तरीही वकिली आणि राजकारण दोन्हींत त्यांचे नाव वाढत गेले आणि १८३६ मध्ये ते राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष झाले.

एप्रिल १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्य शिक्षण मंडळ स्थापन करण्याचा कायदा केला. या मंडळाला सचिव हवा होता. एडमंड ड्वाइट या उद्योगपतींनी मॅन यांना गळ घातली आणि जूनमध्ये मॅन यांनी ते पद स्वीकारले. चालती वकिली सोडली, सिनेटचे अध्यक्षपद सोडले. पगार ठरला वर्षाला १५०० डॉलर. त्यांच्या अनेक मित्रांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला. शिवाय या सचिवाच्या हाती सत्ता काहीच नव्हती. माहिती गोळा करावी, अहवाल लिहावा आणि लोकांना पटवावे, एवढाच त्याचा अधिकार! मॅन घोड्यावर बसून राज्यभर हिंडले. शाळा पाहिल्या, सभा घेतल्या, प्रश्नावल्या धाडल्या.

त्यांना जे दिसले ते समजून घेण्यासाठी त्या काळची व्यवस्था पाहायला हवी. शिक्षकाला प्रमाणपत्र हवे, हा नियम मॅसॅच्युसेट्समध्ये मॅन येण्यापूर्वीच होता. प्रत्येक गावाच्या शाळा समितीने उमेदवाराची परीक्षा घ्यावी, त्याचे चारित्र्य व ज्ञान पाहावे आणि मगच त्याला दाखला द्यावा, असे कायदा सांगत होता. पण गावाचे छोटे छोटे शाळा-विभाग पाडलेले होते आणि शिक्षकाची नेमणूक त्या विभागातला एखादा निवडलेला गृहस्थ करी. कमी पगारात कोण येतो, कोण ओळखीचा आहे, हे तो पाही. शाळा सुरू झाल्यावर किंवा सुरू होण्याच्या तोंडावर उमेदवार समितीपुढे उभा राही. त्याला नापास करावे तर शाळा बंद पडणार आणि शेजारी नाराज होणार. मग समिती डोळेझाक करी. पगारही तसाच. १८३७ च्या सुमारास पुरुष शिक्षकाला जेवणराहण्याचा खर्च धरून महिन्याला सरासरी सुमारे २५ डॉलर, तर स्त्री शिक्षिकेला सुमारे ११ डॉलर मिळत. शाळाही वर्षातून काही महिनेच चाले. त्यामुळे पुष्कळांसाठी शिकवणे म्हणजे दुसरे काम मिळेपर्यंतचा आडोसा होता.

मॅन यांच्या कार्याचे मर्म मला येथे दिसते. परीक्षा कडक करा, एवढे सांगून ते थांबले नाहीत. ज्याला कोणी तयारच केले नाही त्याची परीक्षा घेऊन काय मिळणार? गाळणी कितीही बारीक केली तरी वरून ओतायलाच काही नसेल तर भांडे रिकामेच राहणार. राज्य शिक्षकाकडे दाखला मागत असेल, तर त्या दाखल्यायोग्य शिक्षक घडवण्याची जबाबदारीही राज्यानेच उचलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. प्रशिया आणि फ्रान्समध्ये शिक्षकांसाठी वेगळ्या संस्था चालू होत्या. मॅसॅच्युसेट्समध्येच जेम्स कार्टर यांनी १८२७ मध्ये अशा संस्थेची मागणी विधिमंडळापुढे नेली होती आणि ती फेटाळली गेली होती. मॅन यांनी ती प्रत्यक्षात आणली.

त्यासाठी पैसा कसा उभा राहिला, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला विशेष रस वाटावा असे आहे. १८३८ मध्ये ड्वाइट यांनी, आपले नाव जाहीर न करता, १०,००० डॉलर देऊ केले. अट एकच होती, सरकारनेही तितकीच रक्कम घालावी. मॅन यांनी हा प्रस्ताव विधिमंडळापुढे मांडला आणि एप्रिलमध्ये तो मंजूर झाला. २०,००० डॉलरच्या या भांडवलावर तीन संस्था प्रयोगादाखल चालवायचे ठरले. फ्रेंच भाषेतील नावावरून त्यांना नॉर्मल स्कूल म्हणत. नॉर्म म्हणजे प्रमाण, नमुना. पुढे हा शब्द आपल्याकडेही आला. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रातही पुण्यातील नॉर्मल स्कूलचा उल्लेख येतो.

३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे पहिले सरकारी नॉर्मल स्कूल उघडले. ते फक्त मुलींसाठी होते. प्रवेशाचे नियम स्पष्ट होते. वय किमान सोळा हवे, चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा, शिक्षिका होण्याचा इरादा सांगायला हवा आणि वाचन, लेखन, व्याकरण, भूगोल, अंकगणित यांत परीक्षा द्यायला हवी. राज्याच्या शाळांत शिकवू इच्छिणाऱ्यांना फी माफ होती. एवढी तयारी करून पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या किती? तीन! दुसरा कोणी असता तर खचला असता. मुख्याध्यापक सायरस पीअर्स यांनी त्या तिघींना घेऊन काम सुरू केले आणि हळूहळू पहिली तुकडी पंचवीसवर गेली.

पीअर्स यांनी शाळेला जोडून गावातील सुमारे तीस मुलांची एक नमुना शाळा काढली. विद्यार्थिनी पाळीपाळीने तेथे शिकवत. पीअर्स येऊन शांतपणे पाहत बसत, मध्ये बोलत नसत; गुणदोष टिपून घेत आणि नंतर वर्गात समजावून सांगत. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे प्राध्यापक याच परंपरेतले, हे वाचताना मला मोठी गंमत वाटली. त्या पहिल्या तुकडीतल्या मेरी स्विफ्ट यांनी शाळेची रोजनिशी लिहून ठेवली. पुढे त्यांनी डॉ. सॅम्युएल हाऊ यांच्या अंधशाळेत लॉरा ब्रिजमन या अंध व बधिर मुलीला शिकवले. त्याच वर्षी बॅरे येथे आणि १८४० मध्ये ब्रिजवॉटर येथे आणखी दोन संस्था निघाल्या. कामाच्या ताणाने पीअर्स यांची प्रकृती ढासळली आणि १८४२ मध्ये त्यांना काही काळ पद सोडावे लागले.

विरोधही जोरात झाला. १८४० मध्ये शिक्षण मंडळ आणि नॉर्मल स्कूल दोन्ही बंद करावीत, असा प्रस्ताव विधिमंडळात आला. ही प्रशियाची नक्कल आहे, यामुळे गावांचा अधिकार राजधानीकडे जाईल, खर्च वाया जाईल, आणि जो शिकला आहे तो शिकवू शकतोच, मग वेगळे शिक्षण कशाला, असे आक्षेप होते. यातला शेवटचा आक्षेप आजही आपल्या कानावर येतो. मतदान झाले तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने १८२ आणि विरुद्ध २४५ मते पडली. संस्था वाचल्या. १८४४ मध्ये मॅन यांचे बोस्टनच्या ३१ शाळामास्तरांशी कडाक्याचे भांडण झाले. प्रशियातील शिक्षक छडीशिवाय शिकवतात, हे मॅन यांनी आपल्या सातव्या अहवालात लिहिले होते आणि ते या मास्तरांना झोंबले होते.

आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी मॅन यांनी सुट्टीतील अल्पकालीन वर्ग सुरू केले. पिट्सफील्ड येथे अशा वर्गासाठी खोली झाडलेली नव्हती, तेव्हा मॅन आणि राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज यांनी स्वतः हातात झाडू घेतला असे सांगतात.

मॅन यांच्या विचारांना मर्यादाही होत्या, आणि थोर माणसाच्या चरित्रात त्या झाकू नयेत. शिक्षणक्षेत्र स्त्रियांना खुले करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण स्त्रिया कमी पगारात मिळतात, हाही एक फायदा म्हणून ते मांडत. ही स्वस्ताई शिक्षिकांना पुढे पुष्कळ काळ भोगावी लागली. शिवाय नॉर्मल स्कूलचे शिक्षण सक्तीचे नव्हते. पुष्कळ शाळांत जुन्या रीतीचे शिक्षक येतच राहिले.

१८४८ मध्ये बारावा अहवाल लिहून मॅन यांनी सचिवपद सोडले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेवर ते काँग्रेसमध्ये गेले आणि गुलामगिरीविरुद्ध झगडले. १८५३ मध्ये ओहायो राज्यातील नव्या अँटिऑक कॉलेजचे ते प्राचार्य झाले. तेथे मुली मुलांबरोबर शिकत, आणि रिबेका पेनेल या प्राध्यापिकेला पुरुष प्राध्यापकांइतकाच पगार होता. पूर्वीची चूक त्यांनी येथे अंशतः तरी भरून काढली असे म्हणता येईल. कॉलेज मात्र कर्जात बुडत गेले आणि १८५९ मध्ये त्याची विक्री झाली. थकलेले मॅन २ ऑगस्ट १८५९ रोजी वारले.

आपल्या देशात १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद स्थापन झाली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे होऊन शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ वाढला. नियमांची कमतरता नाही. पण मॅन यांचे चरित्र वाचल्यावर प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. हा नियम शिक्षकाला फक्त तपासतो, की त्याला घडवतोही? तपासणी स्वस्त असते. घडवायला पैसा लागतो, नमुना शाळा लागते आणि मागच्या बाकावर रोज येऊन बसणारा एखादा पीअर्स लागतो.

आपल्या कॉलेजातून दरवर्षी काही मुलेमुली बी.एड.ला जातात. त्यांच्यापैकी कोणाचा तक्ता भर वर्गात खाली पडला तर खचून जाऊ नका. पडलेला तक्ता पुन्हा लावायला शिकता यावे, म्हणूनच तर ही व्यवस्था एका वकिलाने आपली वकिली सोडून उभी केली. आणि त्या दिवशी मी जिला हसलो, त्या छात्राध्यापिकेची या निमित्ताने मनापासून क्षमा मागतो.